अॅक्शन फिगर कपाटात उभ्या कशा राहतील

काचेच्या कपाटात ओळीने मांडलेल्या अॅक्शन फिगरपैकी, म्हणजे सांधे वळवता येणाऱ्या प्लास्टिकच्या पुतळ्यांपैकी, मागची एखादी कलली, तर ती पुढच्या दोघींना घेऊनच खाली येते, आणि दार उघडल्यावर हाती लागते ती तुटलेली तलवार किंवा मनगटातून निखळलेला पंजा. ठाण्याच्या घोडबंदर रस्त्यालगत राहणारे संग्राहक याचा दोष रात्रभर धावणाऱ्या कंटेनरना देतात आणि गणेशोत्सवात डीजेला. हादऱ्याने फिगर पडते हे खरेच. पण जी फिगर नीट उभी केलेली असते ती त्याच फळीवर, त्याच हादऱ्यात टिकते. म्हणून स्टँड विकत आणण्याआधी फिगर मुळात कशी उभी आहे ते पाहावे.

फिगरचा सगळा भार कमरेच्या आसपास एकवटलेला असतो असे धरून तिथून एक सरळ ओळंबा खाली सोडल्याची कल्पना करावी. तो दोन्ही तळव्यांनी व्यापलेल्या जागेच्या मध्यावर पडला पाहिजे. पाय जुळवून ताठ उभी केलेली फिगर या हिशेबात नेहमीच काठावर असते. त्यापेक्षा पाय खांद्यांइतके फाकवावेत, एक पाऊल थोडे पुढे घ्यावे, चवडे किंचित बाहेर वळवावेत आणि गुडघे जरासे दुमडावेत. पाठीवर पंख, जेटपॅक किंवा जड प्लास्टिकचा झगा असेल, तर फिगर मागे ओढली जाते. अशा वेळी कंबरेतून धड थोडे पुढे झुकवावे. हातात लांब बंदूक पुढे धरलेली असेल, तर दुसरा हात मागे न्यावा. पोझ समोरून कितीही झकास दिसली, तरी ती बाजूने पाहिल्याशिवाय कपाट बंद करू नये, कारण पुढे-मागे होणारा झोल समोरून दिसतच नाही.

यानंतर घोटा तपासावा, आणि इथे घाई करू नये. पाय फाकवले की तळव्याची आतली कड टेकते आणि बाहेरची उचलली जाते. हे डोळ्यांना चटकन कळत नाही, म्हणून वहीच्या कागदाची बारीक पट्टी तळव्याच्या चारही बाजूंनी आत सरकवून पाहावी. ती ज्या बाजूने सहज आत जाईल, त्या बाजूचा तळवा अधांतरी आहे. बहुतेक नव्या सहा इंची फिगरच्या घोट्यात पुढे-मागे हलण्याखेरीज आडवे कलण्याचीही सोय असते. ती वापरून तळवा पूर्ण टेकवावा. घोटा घट्ट असल्यास जोर लावू नये. हेअर ड्रायरची कोमट हवा दाखवून सांधा सैल करावा, अन्यथा आतली खुंटी पिळवटून तुटते आणि ती दुरुस्त करणे मोठे किचकट काम असते.

सांधा सैल असेल, तर उपाय त्याच्या रचनेवर अवलंबून असतो. पाय ओढून वेगळा करता येत असेल, तर खुंटीवर नळाला गुंडाळतात त्या पांढऱ्या टेफ्लॉन टेपचा एखादा वेढा द्यावा. ती कोणत्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळते आणि नको झाल्यास काढता येते. सुटा न होणाऱ्या सांध्यात पाण्यात विरघळणाऱ्या पारदर्शक अॅक्रिलिक वार्निशचा पातळ थर बारीक ब्रशने सोडावा आणि तो पुरता वाळेपर्यंत सांधा अधूनमधून हलवत राहावा. काही जण पांढरा फेविकॉल वापरतात, परंतु तो आपल्याकडच्या पावसाळी दमट हवेत चिकट होतो. फेविक्विकच्या वाटेला जाऊ नये, कारण थेंब जरासा जास्त झाला तरी सांधा कायमचा बसतो.

नव्वदच्या दशकात फनस्कूलने भारतात बनवलेल्या पावणेचार इंची जी. आय. जो या सैनिकांच्या मालिकेतल्या फिगर अजून अनेक घरांत आहेत. त्या कमरेतच लुळ्या पडतात, त्यामुळे त्यांच्या घोट्याशी खटपट करून उपयोग नाही. त्यांचे धड आणि पाय आतल्या एका रबरी ओ-रिंगने जोडलेले असतात आणि इतक्या वर्षांत ते रबर कडक होऊन तडकते. पाठीवरचा स्क्रू लहान पेचकसाने उघडून त्याच मापाची नवी ओ-रिंग बसवावी. खाडीजवळच्या घरात पाय धरून ठेवणारा धातूचा हूकही गंजलेला आढळतो; तो त्याच वेळी घासून साफ करावा.

आधी नीट उभी असलेली फिगर काही महिन्यांनी हळूहळू वाकू लागते, याचे कारण वेगळे आहे. पाय मऊ पीव्हीसीचे असतील, तर सततच्या भाराखाली आणि उन्हाळ्याच्या उष्णतेत ते वाकतात. पश्चिमेच्या खिडकीसमोरचे कपाट यासाठी सर्वांत वाईट. वाकलेला पाय सरळ करण्यासाठी उकळते पाणी गॅसवरून उतरवून दोन-तीन मिनिटे थांबावे, मग फक्त तो पाय अर्धा मिनिट पाण्यात बुडवावा, हलक्या हाताने सरळ करावा आणि तसाच धरून लगेच थंड पाण्यात घालावा. फिगरमध्ये दिवे किंवा बॅटरी असल्यास पाणी टाळून हेअर ड्रायरच वापरावा. मात्र भार पुन्हा त्याच पायांवर टाकला, तर पुढच्या मे महिन्यात तेच होणार; म्हणून अशा फिगरला स्टँड द्यावा.

तळव्याच्या भोकात शिरणाऱ्या खुंटीचा स्टँड पाऊल सरकू देत नाही, पण घोट्यावरचा भार कमी करत नाही. वाकणाऱ्या फिगरसाठी कमरेला चिमट्याने धरणारा स्टँडच हवा. भोकाचे माप प्रत्येक कंपनीचे वेगळे असते, तेव्हा स्टँड घेताना एखादी फिगर सोबत न्यावी. कापडी कपड्यांच्या बारा इंची फिगर भारी असतात. त्या स्टँडशिवाय ठेवूच नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. स्टँड दिसायला नको असेल, तर मासेमारीचा पारदर्शक तंगूस कमरेभोवती घेऊन मागच्या फळीवरच्या हुकाला बांधावा. तळव्याखाली पुट्टी (भिंतीची नव्हे, चिकटवून पुन्हा काढता येणारी मऊ पुट्टी) लावायची, तर मुगाच्या दाण्याएवढी टाचेखाली पुरते. काढताना फिगर वर न ओढता हळूच पिळावी, म्हणजे घोट्यावर ताण येत नाही. उन्हाळ्यात पुट्टी तेलकट होते, म्हणून रंगवलेल्या तळव्याला ती लावू नये.

शेवटी फळी. काचेची फळी चारही टेकूंवर सारखी बसली आहे ना, हे कोपरे दाबून पाहावे. एक कोपरा जरी डुगडुगत असला, तरी रस्त्यावरचा प्रत्येक हादरा तिथे वाढतो. तिथे पारदर्शक सिलिकॉनची टिकली चिकटवावी. मऊ रबरी चटई फिगरखाली अंथरू नये. पीव्हीसीतले तेलकट द्रव्य आणि चटई यांचा संयोग होऊन तळवे चिकट होतात. कपाटाचे दार सरकते असल्यास उत्तम, कारण चुंबकाने बंद होणारे दार ओढताना बसणारा हिसका ट्रकच्या हादऱ्यापेक्षा घातक ठरतो. उंच फिगर मागे ठेवताना तिच्या आणि पुढच्या रांगेच्या मध्ये तिच्या उंचीइतके अंतर सुटत नसेल, तर निदान तिला तंगूसाने बांधून घ्यावे.