एमिट ऱ्होड्सचे रीइश्यू: काय घ्यावं, काय तपासावं, कसं ऐकावं

एमिट ऱ्होड्स हा अमेरिकन गायक-गीतकार. त्याच्या जुन्या अल्बमच्या नव्याने काढलेल्या आवृत्त्या म्हणजेच रीइश्यू. तो ऐकायचा असेल तर १९७० चा त्याच्याच नावाचा अल्बम आधी घ्या. तो पुरता कानात बसल्याशिवाय बाकी कशाला हात लावू नका. ‘बेस्ट ऑफ’ तर नकोच. या माणसाची पूर्ण झालेली कामं मुळात इतकी थोडी आहेत की त्यातून निवडून देण्यासारखं काही उरत नाही.

थोडी माहिती लागेल, कारण खरेदीचा क्रम तिच्यावरच ठरतो. १९५० चा जन्म, वाढला कॅलिफोर्नियातल्या हॉथॉर्नमध्ये. पॅलेस गार्ड नावाच्या बँडमध्ये ड्रम वाजवायचा, मग मेरी-गो-राउंडमध्ये गायला आणि लिहायला लागला. तो बँड मोडल्यावर आईवडिलांच्या घरामागच्या शेडमध्ये त्याने फोर-ट्रॅक (चार वेगळ्या पट्ट्यांवर आवाज भरणारं) मशीन लावलं आणि ड्रम, बेस, गिटार, पियानो, सगळे आवाज एकट्याने भरले. एबीसी-डनहिल या रेकॉर्ड कंपनीने तो अल्बम काढला आणि तो बिलबोर्डच्या यादीत २९ व्या क्रमांकापर्यंत गेला. म्हणजे सुरुवात झकास झाली होती. पण करारात दर सहा महिन्यांनी एक अल्बम द्यायचं कलम होतं. एकटा माणूस, शेडमध्ये, सगळी वाद्यं स्वतः वाजवून, सहा महिन्यांत! ज्याने हे कलम लिहिलं त्याने आयुष्यात कधी ड्रमचा माइक लावला नसणार. अल्बम वेळेत येईनात म्हणून कंपनीने अडीच लाख डॉलरचा दावा लावला, रॉयल्टीही अडकवून ठेवली. १९७१ चा ‘मिरर’ आणि १९७३ चा ‘फेअरवेल टू पॅरडाइज’ या कटकटीतच निघाले. त्यानंतर गडी थांबला. वय फक्त २३.

आता खरेदी. सीडी चालत असेल तर हिप-ओ सिलेक्ट या कंपनीने २००९ मध्ये काढलेला ‘द एमिट ऱ्होड्स रेकॉर्डिंग्ज १९६९-१९७३’ हा दोन सीडींचा संच शोधा. एकाच जागी बहुतेक सगळं मिळतं. सेकंडहँड घेताना आतली पुस्तिका आहे ना, एवढं पैसे देण्याआधी विचारून घ्या. पुस्तिकेशिवायचा संच फार कमी भावातच घ्यावा, कारण अशा संचाची निम्मी किंमत त्या पानांचीच असते.

या संचाच्या नावातलं १९६९ मात्र नीट लक्षात ठेवा. त्या सालचं काम म्हणजे ‘द अमेरिकन ड्रीम’. हा अल्बम ए अँड एम कंपनीसाठी स्टुडिओत, इतर वादकांना घेऊन केलेला. कंपनीने तो तसाच ठेवून दिला होता. डनहिलचा अल्बम बाजारात आल्यावर ए अँड एमला जाग आली आणि त्यांनीही आपला माल पुढे केला. एकाच गायकाच्या दोन नव्या रेकॉर्ड, दोन कंपन्यांच्या, एकमेकींच्या अंगावर. नुकसान कुणाचं झालं ते सांगायला नको. तुम्ही ध्वनिमुद्रणाच्या क्रमाने ऐकायला बसलात तर हाच अल्बम आधी कानावर पडेल. वाद्यमेळ भरगच्च आहे, गाणी गोड आहेत, पण शेडमधला तो माणूस त्यात अजून नाही. म्हणून हा तिसरा किंवा चौथा ऐका.

मूळ रेकॉर्ड हवी असेल तर एक सरळ हिशेब आहे. १९७० चा अल्बम यादीत वर गेला, म्हणजे बऱ्याच प्रती छापल्या आणि विकल्या गेल्या. त्यामुळे जुनी डनहिल प्रत कित्येकदा नव्या रीइश्यूपेक्षा स्वस्त पडते. ‘मिरर’ आणि ‘फेअरवेल’ त्या मानाने कमी खपले, त्यांना वाट पाहावी लागते. कव्हरचा कोपरा कापलेला किंवा भोक पाडलेलं दिसलं तर घाबरू नका. न खपलेला माल स्वस्तात काढताना अमेरिकन कंपन्या अशी खूण करायच्या, त्याला कट-आउट म्हणतात. आतल्या रेकॉर्डला त्याने काही होत नाही, उलट भाव पाडून मागायला निमित्त मिळतं.

नवी प्रत असेल, मग कोणत्याही कंपनीची असो, तर मागच्या बाजूची बारीक अक्षरं वाचा. मास्टरिंग (छापण्याआधी आवाजावर फिरवलेला शेवटचा हात) कुणी केलं आणि कशावरून केलं, एवढंच शोधायचं. ‘मूळ टेपवरून’ असं स्पष्ट लिहिलं असेल तर ठीक. नुसतं ‘रीमास्टर्ड’ असेल तर त्याला काही अर्थ नाही, सीडीवरून परत सीडी केली तरी तो शब्द छापता येतो. डनहिल आणि ए अँड एम या दोघींच्या जुन्या टेप पुढे फिरत फिरत युनिव्हर्सलकडे गेल्या, आणि २००८ मध्ये युनिव्हर्सलच्या हॉलिवूडमधल्या आवारात लागलेल्या आगीत जुन्या टेपचा मोठा साठा जळाला. त्यामुळे अशा कंपन्यांच्या बाबतीत ‘कशावरून केलं’ हा प्रश्न विचारायलाच हवा.

रेकॉर्ड असेल तर शेवटच्या गाण्यानंतर लेबलपर्यंत जो गुळगुळीत पट्टा असतो तो उजेडात तिरपा धरा. तिथे छपाईची ओळख सांगणारा कोरलेला नंबर असतो, कधी मास्टरिंग करणाऱ्याची आद्याक्षरंही. ऑनलाइन घेणार असाल तर विकणाऱ्याकडून या पट्ट्याचा फोटो मागा. फोटो द्यायला कुरकुर करणाऱ्याकडून मी घेत नाही.

आता कानांची परीक्षा, आणि ती करायला ‘ललबाय’ हे गाणं घ्या. जेमतेम मिनिटभराचं आहे, गिटार आणि आवाज, बाकी फारसं काही नाही. गाणं सुरू व्हायच्या आधीच्या क्षणात आवाज वाढवून टेपची सळसळ ऐका. ती ऐकू यायलाच हवी. फोर-ट्रॅकवर जागा चारच असतात. जास्त वाद्यं हवी असली की आधीची एकत्र करून एका पट्टीवर उतरवायची आणि जागा मोकळी करायची, आणि अशा दर उतरवणीला सळसळ थोडी वाढते. म्हणजे ती या ध्वनिमुद्रणाच्या अंगातच आहे. एखाद्या रीइश्यूत ती अजिबात नसेल तर कुणीतरी यंत्राने घासून काढली आहे असं समजा. मग पुढच्या कुठल्याही गाण्यात झांजेकडे लक्ष द्या. झांज वाजून विरत जाण्याऐवजी मध्येच गप्प होत असेल, तर सळसळीबरोबर तीही गेली. अशी प्रत मी परत करतो.

दोन प्रतींची तुलना करताना एक पथ्य पाळा: दोन्हींचा आवाज आधी सारखा करा. जी किंचित मोठ्याने वाजते ती कानाला सरस वाटते, मग ती कितीही वाईट असो. संगणकावर ऑडॅसिटीसारख्या फुकट प्रोग्रॅममध्ये फाइल उघडली तर आलेखच दिसतो. चढउतार असलेली नक्षी दिसली तर बरं. वरून खालून तासलेली सपाट वीट दिसली तर आवाज दाबून मोठा केलाय. ‘फ्रेश अॅज अ डेझी’च्या पियानोचं अशा प्रतीत पार भजं होतं.

ऐकायचं कसं? मी बेस गिटार वाजवतो, त्यामुळे माझा सल्ला एकतर्फी आहे, पण करून बघा. पहिल्यांदा बारा गाणी सरळ ऐका. दुसऱ्यांदा हेडफोन लावून ‘समबडी मेड फॉर मी’मध्ये फक्त बेसच्या मागे जा, गाण्याच्या शब्दांकडे दुर्लक्ष करून. बेस नुसता ताल धरत बसत नाही, स्वतःची वेगळी चाल गातो. त्यानंतर ड्रम. गायक श्वास कुठे घेणार हे ड्रमरला आधीपासून ठाऊक आहे, कारण तो तोच आहे. बँडमध्ये आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे बघून जे साधतो ते याने एकट्याने, एकामागून एक पट्टी भरत साधलंय. बीटल्सच्या पॉल मॅकार्टनीने त्याच वर्षी घरी एकट्याने केलेल्या अल्बमशी याची तुलना सगळेच करतात. आवाजात साम्य आहेच. पण माझ्या मते ऱ्होड्सची गाणी जास्त नीट बांधलेली आहेत. यावर वाद घालायला मी कधीही तयार आहे.

बोनस ट्रॅक (मूळ अल्बममध्ये नसलेली, नंतर जोडलेली गाणी) असतील तर पहिल्या फेरीत प्लेअर आधीच थांबवा. ‘यू मस्ट हॅव’ संपलं की अल्बम संपला. त्याच्या शेपटीला दुसरं काहीतरी लागलं की शेवटाची सगळी मजा जाते. स्ट्रीमिंगवर ऐकत असाल तर आपोआप पुढचं लावायची सोय आधी बंद करा.

मग ‘मिरर’. तो थोडा रांगडा आहे, काही गाणी पहिल्याच्या तोडीची. ‘फेअरवेल टू पॅरडाइज’ शांतपणे, एखाद्या रिकाम्या संध्याकाळी लावा. त्यात दमलेला माणूस ऐकू येतो, आणि मला तो दिवसेंदिवस जास्त आवडत चाललाय.

२०१६ चा ‘रेनबो एंड्स’ रीइश्यू नाही, तो नवा अल्बम आहे, ऑम्निव्होर कंपनीने काढलेला, ‘फेअरवेल’नंतर ४३ वर्षांनी. यात साथीला एमी मान, सुझॅना हॉफ्स, जॉन ब्रायन अशी गायक-वादक मंडळी आहेत. आवाज खरखरीत झालाय, चाली मात्र त्याच हाताच्या. हा आधी ऐकला तर काहीच कळणार नाही, १९७० चा पाठ झाल्यावर ऐकलात तर जागेवर खिळून बसाल. २०२० मध्ये ऱ्होड्स गेला, त्यामुळे यापुढचं काही नाही.

एवढं होऊनही भूक राहिली तर मागे जा, मेरी-गो-राउंडकडे. त्यांचं ‘लिव्ह’ हे १९६७ चं गाणं बँगल्स या बँडने १९८४ मध्ये आपल्या पहिल्या पूर्ण अल्बमवर घेतलं होतं. आधी मूळ ऐका, लगेच बँगल्सचं लावा, आणि बेस कुणाचा बरा ते मला कळवा.