शिंगयीच्या पाच मुठी रंग धरून कशा शिकायच्या

शिंगयी ही चिनी मार्शल आर्ट शिकायला लागलं की पाच मुठींची (म्हणजे पाच मूळ प्रहारांची) नावं लगेच पाठ होतात, पण महिनाभरात सगळ्या मुठी एकसारख्याच पडायला लागतात, कारण प्रत्येकीचा जोर वेगळा असतो हे अंगात उतरलेलं नसतं. त्यासाठी मला रंगांचा खूप उपयोग झाला.

आधी नुसतं उभं राहायचं, या स्टान्सला सान-ती म्हणतात. मागचं पाऊल साधारण ४५ अंशात बाहेर, पुढचं सरळ, गुडघे किंचित वाकलेले आणि ६० ते ७० टक्के वजन मागच्या पायावर. पुढचा हात खांद्याच्या उंचीला, मागचा बेंबीपाशी. नाक, पुढच्या हाताचं बोट आणि पुढच्या पायाचा अंगठा एका रेषेत. बॅलन्स चेक करायला पुढचं पाऊल अलगद उचलून बघा, उचलताना धड मागे गेलं तर समजा वजन पुढे सांडलेलं होतं. मांडी थरथरली तर थरथरू दे, पण गुडघा दुखायला लागला तर लगेच थोडं वर या.

आता रंग. प्रत्येक मुठीला चिनी पाच तत्त्वांपैकी एक तत्त्व आणि त्याचा रंग जोडलेला आहे. पहिली पी, धातू, पांढरा, कुऱ्हाडीने ओंडका फोडतात तसा हात वरून खाली येतो. मग त्स्वान, पाणी, काळा, मूठ पिळत पिळत खालून हनुवटीकडे वर चढते, इथे खांदा आवळला की संपलंच, पाणी अडलं. बंग म्हणजे लाकूड, हिरवा (चिनी शब्द छिंग, त्यात निळाही येतो), बाणासारखी सरळ. पाओ आग, लाल, एक हात कपाळापाशी अडवतो त्याच क्षणी दुसरा तोफेसारखा सुटतो. लाल म्हणजे राग नव्हे हं, रागाने मारली की टाच उचलली जाते आणि तोल गेलाच. शेवटी हंग, माती, पिवळा, तिरकी वळत जाणारी.

आपल्या पंचमहाभूतांशी हे जुळवत बसू नका, इथे वायू-आकाश नाहीत, लाकूड आणि धातू आहेत. क्रमही असाच ठेवा, धातूतून पाणी, पाण्यातून लाकूड, मग आग, मग माती, मातीतून परत धातू.

बीजिंगच्या चोंगशान पार्कमध्ये मिंग काळातला एक चौथरा आहे, त्यावर पाच रंगांची माती पसरलेली असते, पूर्वेला हिरवट निळी, दक्षिणेला लाल, पश्चिमेला पांढरी, उत्तरेला काळी आणि बरोब्बर मधोमध पिवळी. सराव करताना मी तोच डोळ्यांपुढे आणते. मूठ कुठल्याही रंगाची असो, मारून झाली की एक श्वास पिवळ्यात यायचं, म्हणजे कंबर खाली, खांदे सैल, वजन परत मागच्या पायात, आणि ते पोचल्याशिवाय पुढची मूठ सोडायची नाही. सुरुवातीला एका दिवशी एकच रंग घ्या, दोन्ही बाजूंनी, अगदी हळू.