इफ कंडिशन चुकतेय? आधी हे बघा

इफ चालतंय, एरर पण नाही, तरी उत्तर चुकीचं येतंय, असं झालं की आधी बरोबरची चिन्हं मोजा. एक = म्हणजे व्हॅल्यू ठेवणं, दोन == म्हणजे तुलना. सी मध्ये चुकून एकच टाकलं आणि उजवीकडे ५ असेल तर कंडिशन कायम खरी ठरते, कंपायलर गप्प बसतो, म्हणून जीसीसी हा सी चा कंपायलर वापरत असाल तर -वॉल (-Wall) हा ऑप्शन चालूच ठेवा, तो वॉर्निंग देतो. पायथन बरा, तो सरळ सिंटॅक्स एरर देऊन मोकळा होतो. जावास्क्रिप्टमध्ये मात्र तीन === लावायची सवय करा, दोनने आकडा ० आणि रिकामी स्ट्रिंग सारखीच धरली जाते. आणि जावामध्ये स्ट्रिंगला == नकोच, इक्वल्स मेथड वापरा, कारण == फक्त दोन्ही एकच ऑब्जेक्ट आहेत का एवढंच बघतं.

दुसरी गंमत, "क्ष == १ ऑर २" असं बोलल्यासारखं लिहिणं. पायथनमध्ये हे नेहमी खरंच निघतं, कारण २ एकटा पण खराच. क्ष दोन्हीकडे लिहा. तसंच १ < क्ष < १० पायथनला कळतं, सी मध्ये पहिल्या तुलनेचं उत्तर ० किंवा १ येतं आणि ते १० पेक्षा लहान असणारच ना! मध्ये && टाकून दोन तुकडे करा.

मार्कांच्या ग्रेड काढताना ९० च्या वरची अट आधी, ३५ ची नंतर, उलट केलं की सगळे नुसते पासच. आणि सी, जावात इफच्या कंसानंतर सेमीकोलन पडलाय का तेही बघा, मी एकदा तासभर शोधत बसलो होतो.