तालमीत फर्स्ट एडचं ट्रेनिंग ठेवताय? मग हे बघा

पहिलं म्हणजे मे महिन्यातच उरकून घ्या. एकदा पाऊस लागला आणि कोल्हापुरात पंचगंगा राजाराम बंधाऱ्याला ३९ फुटांच्या इशारा पातळीकडं सरकली की पोरं पुराच्या कामाला पळतात, त्यातनं सुटली की गणपतीची वर्गणी, मग कोण येतंय बसायला.

दुसरं, भाषण नको. पाहुणे, नारळ, सत्कार ह्यातच तास जातो आणि हातानं करून बघायला कुणालाच मिळत नाही. रेड क्रॉस, सेंट जॉन अ‍ॅम्ब्युलन्स नाहीतर ओळखीचे डॉक्टर, कुणालाही बोलवा, पण डमी (सरावाचा पुतळा) आणणार का ते आधी विचारा.

निम्मा वेळ सीपीआरला द्या. (आपल्या कोल्हापूरच्या सीपीआर दवाखान्याबद्दल नाही बोलत, छाती दाबायचं म्हणतोय.) हाक मारून, खांदे हलवून माणूस उठत नाही, श्वास नाही किंवा नुसते आचके देतोय, तर एकानं १०८ लावून फोन स्पीकरवर ठेवायचा आणि दुसऱ्यानं लगेच छातीच्या मधोमध दाबायला सुरुवात करायची. मिनिटाला १०० ते १२० वेळा, मोठ्या माणसाला ५ ते ६ सेंटिमीटर खोल, आणि दर वेळी छाती पूर्ण वर येऊ द्यायची. तालमीतल्या पोरांना ताकदीचा प्रश्न नाही, पण जोर मारल्यासारखी कोपरं वाकवतात, ती सरळच पाहिजेत. दोन मिनिटांनी माणूस बदलायचा, पैलवान असला तरी.

रंकाळा तलाव, नदी, विहिरीतनं काढलेल्याला उलटं धरून नाहीतर पोट दाबून पाणी काढत बसतात, ते बंद करा. श्वास नसेल तर आधी तोंडानं श्वास द्यायचा, मग ३० वेळा दाबायचं आणि २ श्वास, असं चालू ठेवायचं. आणि बुडणाऱ्यामागं उडी टाकायच्या आधी दोरी, ट्यूब काय असेल ते फेका.

गावाकडची पोरं असली तर साप चावण्याचा विषय घ्याच, उसाच्या फडात तेच होतंय. करकचून बांधायचं नाही, कापायचं नाही, चोखायचं नाही. अंगठी, कडं, जोडवी काढा, हात किंवा पाय हलू देऊ नका, आणि मांत्रिकाकडं न जाता सरळ सरकारी दवाखाना. मण्यार चावली तर दुखतही नाही फारसं, म्हणून सकाळी बघू म्हणायचं नाही. कोयता लागला तर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरायचं, सारखं उचलून बघायचं नाही. भाजलं तर २० मिनिटं नळाखाली, टूथपेस्ट नको.

अ‍ॅक्सिडेंटला हात लावला तर पोलिसांचं लफडं होतंय, हा प्रश्न कोण ना कोण विचारणारच. २०१९ ला मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली, मदत करणाऱ्याला संरक्षण आहे आणि नाव सांगायची सक्ती नाही, हे स्पष्ट सांगा.

जाताना तालमीच्या बोर्डवर १०८, ११२ आणि सापाची लस कुठल्या दवाखान्यात रात्रीही मिळते ते फोन करून खात्री करून लिहा. सहा महिन्यांनी परत डमी मागवा, तोवर हात विसरलेला असतोय.