तृतीयपंथी व्यक्तीच्या हार्मोन उपचाराचा खर्च आयुष्मान कार्डात बसतो का?

हे सांगणारं आर्णी तालुक्यातल्या आमच्या गावात कोणीच नव्हतं. सेतू केंद्रावरचा पोरगा म्हणे, "असं काई नसते, ताई." असते, बाप्पा! ऑगस्ट 2022 मध्ये सामाजिक न्याय मंत्रालय आणि राष्ट्रीय आरोग्य प्राधिकरणात करार झाला: तृतीयपंथी व्यक्तीला आयुष्मान भारतखाली वर्षाला 5 लाखांपर्यंतचं संरक्षण, हार्मोन उपचार आणि शस्त्रक्रिया धरून. मुख्य अट म्हणजे तृतीयपंथीयांसाठीच्या राष्ट्रीय पोर्टलवरून मिळालेलं, तृतीयपंथी ओळखीचं जिल्हाधिकाऱ्यांचं प्रमाणपत्र. म्हणून आधी तेच काढलं. 2020 च्या नियमांप्रमाणे अर्ज ऑनलाइन, सोबत शपथपत्र. घरबसल्या होते म्हणतात. घरात रेंज असली तर.

मग आयुष्मानच्या हेल्पलाइनवर, 14555 वर, फोन लावला. "योजना आहे का?" असं विचारू नका, "हो" म्हणून मोकळे होतात. विचारायचं ते हे, की माझ्या उपचाराचं पॅकेज जवळच्या कोणत्या रुग्णालयात मिळते आणि त्यासाठी भरती व्हावं लागते का? कारण करारात हार्मोन उपचार असले तरी आयुष्मान मुळात भरती झालेल्या पेशंटसाठी आहे. महिन्याच्या गोळ्या, ओपीडीतल्या रक्ततपासण्या त्यात धरत नाहीत. रुग्णालयात योजनेची मदत करायला बसलेल्या आरोग्यमित्राकडूनही हेच पक्कं करून घेतलं. आता तपासणीला सरकारी मेडिकल कॉलेजच्या ओपीडीत जाते, गोळ्या खिशातून घेते, अन् कार्ड शस्त्रक्रियेसाठी ठेवलं आहे.