तंजावर-मदुराईची सहल आखताना या चुका टाळा

तिरुचिरापल्लीला उतरायचं, तिथून गाडी करून तंजावर, कुंभकोणम आणि मदुराई करायचं. चार दिवसांत ही सहल निवांत होते. तरी निम्मे लोक दमून, चिडून परततात, आणि त्याचं कारण नेहमी एकच असतं: तामिळनाडूतली मोठी देवळं दुपारी बंद असतात, हे त्यांनी आखणी करताना धरलेलंच नसतं.

आपल्याकडे बहुतेक देवळं दिवसभर उघडी असतात, त्यामुळे हा प्रश्न मनातच येत नाही. तिकडे देऊळ पहाटे सहाच्या सुमारास उघडतं, दुपारची पूजा आटोपली की बारा-साडेबाराला बंद होतं आणि थेट चारच्या पुढे उघडतं. देवाची विश्रांतीची वेळ आहे ती. पुजाऱ्याला विनवून किंवा नोट दाखवून दार उघडत नाही, आणि तसा प्रयत्नही करू नये.

हे न धरता केलेली आखणी कशी फसते, ते बघा. 'एका दिवसात चोळांची तिन्ही देवळं' (चोळ राजांनी बांधलेली तंजावरचं बृहदीश्वर, गंगैकोंडचोळपुरम आणि दारासुरम) हा बेत दर हंगामात कुणीतरी करतंच. तिरुचिरापल्लीच्या हॉटेलात साडेआठला नाश्ता, सगळ्यांचं आवरून निघेपर्यंत दहा. तंजावर साठेक किलोमीटर, गावात शिरायला साडेअकरा. राजवाडा आधी लागला म्हणून तासभर तिथे. बृहदीश्वराच्या दारात पोचायला पाऊण, म्हणजे गाभारा बंद. आवारातली फरसबंदी तोवर इतकी तापलेली असते की अनवाणी दहा पावलंही टाकवत नाहीत. मुलं रडायला लागतात, आजी नंदीच्या मंडपाच्या सावलीतून हलायला तयार नसतात. मग वेळ वाया जाऊ नये म्हणून गाडी गंगैकोंडचोळपुरमकडे, सत्तर किलोमीटर. तिथे अडीच वाजता कुलूप. दीड तास थांबायचं कोण, म्हणून पुन्हा मागे कुंभकोणमला. दारासुरमला पोचेपर्यंत चार वाजतात आणि तेव्हा कुठे एक देऊळ उघडं मिळतं, पण खांबांवरचं बोटभर उंचीचं कोरीवकाम बघायचं त्राण कुणात उरलेलं नसतं.

हाच दिवस उलटा लावा. मुक्काम तंजावरातच करा आणि सव्वासहाला बृहदीश्वरात असा. देऊळ पूर्वाभिमुख आहे, त्यामुळे सकाळचं ऊन समोरून विमानावर, म्हणजे गाभाऱ्यावरच्या उंच शिखरावर येतं. आठ-साडेआठपर्यंत सगळं शांतपणे बघून होतं आणि फरशीही गार असते. मग नाश्ता, आणि दहा ते एक राजवाडा: दरबार हॉल, चोळकालीन कांस्यमूर्तींचं दालन, सरस्वती महाल ग्रंथालयाचं संग्रहालय. ग्रंथालयाच्या सुट्टीचा वार हॉटेलात आदल्या दिवशी विचारून ठेवा. जेवून दोनला निघा. कुंभकोणम चाळीस किलोमीटर, त्याच्या चार किलोमीटर अलीकडे दारासुरम, तिथे चार ते सहा. गंगैकोंडचोळपुरम दुसऱ्या दिवशी सकाळी कुंभकोणमहून करा. पस्तीसेक किलोमीटर असले तरी सव्वा तास धरा. देवळं सकाळ-संध्याकाळ, राजवाडे आणि रस्ता दुपारी. एवढं पाळलं तर बाकीची आखणी जरा ढिली असली तरी चालते.

तंजावरला घाई करणारे मराठी लोक आणखी एक गोष्ट हुकवतात, आणि याचं खरोखर वाईट वाटतं. 1010 साली राजराज चोळाने पुरं केलेल्या या देवळाच्या भिंतीवर एक भलामोठा मराठी शिलालेख आहे. व्यंकोजीराजांपासून 1855 पर्यंत तंजावर भोसल्यांकडे होतं. त्यांच्यातल्या दुसऱ्या सरफोजीराजांनी 1803 मध्ये आपल्या घराण्याचा इतिहास इथे कोरून घेतला. लोक नंदी बघतात, दर्शन घेतात, विमानासमोर फोटो काढतात आणि आले त्या दाराने निघून जातात. लेख आहे मागे, नैर्ऋत्य कोपऱ्याकडे, गणपतीच्या देवळाच्या बाजूला. प्रदक्षिणा पूर्ण घाला, भिंतीकडे बघत चाला आणि त्यासाठी अर्धा तास वेगळा काढा.

मदुराईत वेगळीच फजिती होते. मीनाक्षी मंदिरात मोबाइल नेता येत नाही. फोन बाहेर जमा करण्याची सोय आहे, पण त्यासाठी रांग लागते. सरळ हॉटेलात ठेवून जा. मात्र आत माणसं चुकली तर फोन नाही, आणि चारही दिशांची मोठी गोपुरं नवख्याला सारखीच दिसतात. म्हणून आत शिरण्याआधी भेटायची जागा ठरवा: सुवर्णकमळ तळ्याच्या पायऱ्या सगळ्यात सोयीच्या. चप्पल ज्या दारी ठेवली त्याच दारी बाहेर पडा, नाहीतर तापल्या रस्त्यावरून देवळाला अनवाणी वळसा पडतो. विशेष दर्शनाचं तिकीट हवं असेल तर खिडकीवर घ्या. 'लगेच आत सोडतो' म्हणणाऱ्याच्या मागे जाऊ नका. ज्याला रांगेत तासभर उभं राहवत नाही, त्याने पहाटे जावं. तिरुमलै नायकर महाल दुपारसाठी राखून ठेवा.

पद्मनाभपुरमचा लाकडी राजवाडा सोमवारी बंद असतो, आणि रविवार मदुराईत काढून सोमवारी तिथे धडकणारे काही कमी नाहीत. मदुराईहून अडीचशे किलोमीटर आहे, म्हणून पाचवा दिवस असेल तरच घ्या आणि परतीचं विमान तिरुवनंतपुरमहून धरा. तिथल्या पद्मनाभस्वामी मंदिरात पुरुषांना मुंडू (केरळी पद्धतीची लुंगीसारखी धोतरपट्टी) नेसून, उघड्या अंगाने जावं लागतं. स्त्रियांना साडी, किंवा सलवारवर मुंडू गुंडाळून.

प्रदोषाच्या संध्याकाळी शिवमंदिरांत नंदीच्या अभिषेकाला प्रचंड गर्दी होते. पंचांग बघून तारीख ठरवा. ऑक्टोबर ते डिसेंबर हा तिकडचा पावसाळा आहे, सुट्टी मिळाली म्हणून नोव्हेंबरात कावेरीच्या खोऱ्यात जाऊ नका. दुपारी बऱ्याच ठिकाणी फक्त 'मील्स', म्हणजे भाताची थाळी मिळते, डोशासाठी हट्ट धरू नका. पायांत जाड मोजे चालतात, जवळ ठेवा.

गाडी ठरवताना नुसता किलोमीटरचा दर विचारून भागत नाही. बाहेरगावच्या फेरीला सहसा दिवसाला किमान 250 किलोमीटरचे पैसे लावतात, मग तुम्ही ऐंशीच फिरलात तरी. चालकाचा 'बाटा', म्हणजे रोजचा भत्ता, वेगळा, टोल-पार्किंग वेगळं. पद्मनाभपुरमचा राजवाडा केरळ सरकारकडे असला तरी आहे तामिळनाडूत, त्यामुळे तिथवर गाडी परराज्यात नेण्याच्या परमिटचा प्रश्न येत नाही. पुढे तिरुवनंतपुरमला जायचं असेल तर परमिटचा खर्च कुणी द्यायचा हे निघण्याआधी लिहून घ्या.