जुना इलेक्ट्रिशियनचा चाकू घेताना आधी पेचकस तपासा

अमेरिकी लष्कराच्या सिग्नल कोअरचा, म्हणजे संदेशवहन दलाचा, टीएल-२९ हा दोन पात्यांचा घडीचा चाकू किंवा त्याच घडणीचा दुसरा जुना चाकू हाती आला की नजर आधी धारेच्या पात्यावर जाते. मी म्हणेन, आधी दुसरं पातं उघडा, पेचकसाचं. खरी झीज तिथेच दिसते. टोक सपाट आणि काटकोनी हवं. कानसून आखूड केलेलं किंवा पिळवटलेलं असेल तर किंमत पाडूनच मागा. पातं पूर्ण उघडलं की आतली पितळी पट्टी सरकून त्याच्या बुडाशी अडली पाहिजे. अंगठ्याने सावकाश उलटं दाबून बघा. पातं मिटायला लागलं, तर कुलूप गेलं!

धारेचं पातं बुडाशी रुंद आणि पुढे एकदम अरुंद दिसलं, तर ते फार घासलं गेलंय. त्याच बुडाशी कंपनीचा शिक्का असतो. कॅमिलस, अल्स्टर अशी नावं त्यावर सापडतात. गंज काढायच्या नादात तिथे पॉलिश पेपर अजिबात लावू नका, पुसलेला शिक्का परत येत नाही. काळसर झाक राहू द्या, ती छानच दिसते. सांध्यात थेंबभर मशीन ऑइल पुरे.

आणि चालू लाइनवर हा चाकू कधीच वापरू नका. मुठीवर लाकूड असलं तरी रिव्हेटा आणि कडा उघड्या धातूच्याच असतात.